मंजूच्या नावानं

दुसरबीड
ता. ११ नोव्हेंबर २०२४

श्री

मंजू,

पहिले वर पाह्य. श्री काढलाय. मेल्याच्या पत्रावर कोणी श्री काढत नाही, एवढं तर तुले ठाऊक आहे. आई जित्ती आहे. आत्ता माह्या समोर गिरणीच्या ओट्यावर बसून शेंगा फोडून राह्यली. टरफलं पदरात ठेवते अन् दाणे फेकते, पण जित्ती आहे.

फोन तू उचलत नाही. आधी वाजत तरी होता, आता वाजतही नाही. म्हणून कागद घेतला. पत्ता तुह्या नाशिकच्या घरभरणीच्या पत्रिकेवरून घेतला. ती पत्रिका तू मामाले पाठवली होती, आम्हाले नाही. चौथीचं अक्षर आहे, जसं लागेल तसं वाच.

झालं ते असं. आईले विसरण्याचा आजार आहे. लोकं म्हणतात म्हातारपण, पण म्हातारपण नाही. बुलडाण्याच्या डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढून सांगितलं, मेंदू सुकून राह्यला म्हणून. मेहकरच्या काही बायांनी गट काढला आहे. ज्याच्या घरी असं माणूस आहे त्याच्या घरी ते नर्स पाठवतात. आपल्याकडे पूनम नावाची पोरगी येते, मंगळवारी अन् शुक्रवारी. आपल्याजवळून काही घेत नाही. पण कोणी देल्लं तर तिच्या स्कुटीत पेट्रोल पडते ना. म्हणून गटानं ठरवलं, फ्लेक्स लावायचा, लोकाईले आजार समजला पाह्यजे, मदत आली पाह्यजे. मले विचारलं, आजीचा फोटो लावू का? मी म्हटलं लावा. कागदावर सही केली.

आता फ्लेक्सवाल्याकडे दोनच साचे. तरणा माणूस असला की वाढदिवस, म्हातारा असला की दुसरं. त्यानं आईच्या फोटोले झेंडूचा हार घातला, खाली समई पेटवली, अन् मदतीचं जे लिहायचं होतं ते मुंगीच्या पायाएवढं खाली कोपऱ्यात. सकाळी सकाळी फाट्यावर बांधून गेला. खालचं कोण वाचते? हार दिसला, समई दिसली, संपली सत्यभामाबाई.

नऊ वाजता बाया दारात. मी गिरणी चालू केली होती. एक म्हणे, "आई गेली अन् हिनं पट्टा चढवला, पाह्य बाप्पा." मी म्हटलं कोण गेलं? तर ती रडाले लागली, म्हणे हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मी सांगून राह्यली की आई घरात चहा पिऊन राह्यली, तर एकमेकीकडे पाहून मान हलवतात. गिरणीच्या आवाजात माह्यं कोणाले ऐकू येईना, अन् मी बंदही करीना. लोकाईचं दळण पडलं होतं.

मंग भाऊराव मामा आला सुलतानपूरहून. फाट्यापासूनच रडत आला. ओट्यावर धपकन बसला, "अक्का, मले न सांगता गेली." तेवढ्यात आई आतून आली. त्याच्याजवळ बसली, पाठीवर हात फिरवला. "रडू नको बापू. म्हातारं माणूस होतं, सुटलं. कोण होतं तुह्यं?"

मामा वर पाहते अन् तोंड उघडंच.

"अक्का?"

"मले नको अक्का म्हणू. तुह्यी अक्का गेली म्हणतात."

चार माणसं हसली, बाकीची कशी हसतील, टॉवेल-टोपी घेऊन आली होती. मामा मंग माह्यावर उखडला. "तुले काही अक्कल आहे का पोरी? म्या कालपासून अन्न घेतलं नाही." फ्लेक्स त्याच सकाळी लागला, तो कालपासून उपाशी. मी भाकर वाढली, तीन खाल्ल्या.

तुह्या दिराचा, गोकुळचा, मेहकरहून फोन आला होता. आवाज कटत होता. त्यानं काय ऐकलं अन् तुले काय कळवलं ते तोच जाणे. मंग मले कळलं की तू डोक्यावरून पाणी घेतलं अन् दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवाले गेली. ठीक आहे. पण आई आहे. तिले अजून तुह्यं नाव येते. पूनम म्हणते नावं जाऊन राह्यली, एक एक. तर सुट्टी काढ अन् ये. बाकीचं मंग पाहू.

जयमाला


दुसरबीड
ता. १५ डिसेंबर २०२४

मंजू,

पत्र भेटलं असेल. परत आलं नाही म्हणजे भेटलंच. महिना झाला. तू शिकलेली आहे, तुले दोन ओळी लिहाले काय लागते?

राग आहे, कळते. पण आता मी जे लिहिते ते नीट वाच, कारण हे मलेही पूनमनं सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी पूनम कागद घेऊन आली. आईले प्रश्न विचारायचे अन् मार्क द्यायचे. आज वार कोणता, महिना कोणता. आई म्हणे, "तुले माहीत नाही का? कॅलेंडर घे बाई." मंग पूनम म्हणे, "आजी, तुमच्या मालकांचं नाव सांगा." आईनं पदर ओढला अन् गप. पूनमनं शून्य लिहिलं. मी म्हटलं, अवो, खोडा ते. तिनं लग्न झाल्यापासून नाव घेतलं नाही, ते तुम्हाले काय सांगेल. पूनम लाजली, खोडलं. म्हणे, "मावशी, हे कागदात नव्हतं."

पोरगी चांगली आहे. आईले आंघोळ कशी घालायची ते तिनं शिकवलं. मी बादली घेऊन गेली की आई मारते, ओरडते, मले जाळून राह्यली म्हणते. पूनमनं सांगितलं, डोक्यावर एकदम पाणी घालू नका, आधी पाय भिजवा, हातात तांब्या तिच्या द्या. तसं केलं तर स्वतःच घेते. मी तीन वर्षं भांडून आंघोळ घालत होती. मले कोणी सांगितलंच नव्हतं.

आता गिरणीवर एक डबा ठेवला आहे. दळणामागं एक ओंजळ. ज्याचं जे धान्य असेल ते, गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ. महिन्याच्या शेवटी गटाच्या बाया घेऊन जातात, विकतात, त्याच्यातून पूनमसारख्या तिघी हिंडतात. पहिले कोणी टाकत नव्हतं. म्हणे, आमच्याकडे असा आजार नाही. मी म्हटलं, नाही म्हणून टाका, झाल्यावर काय टाकणार? अमीरबीनं पहिली ओंजळ टाकली. तुले आठवते ना अमीरबी, मागच्या गल्लीतली. तिच्या सासऱ्याले असंच झालं होतं, त्याले वर्षभर खोलीत कडी लावून ठेवला. ती म्हणे, "बाई, तब मालूम होता तो ताला नै डालते थे." डबा भरला की तीच हलवून सारखा करते. मी बायकांले टोचून बोलते म्हणून तिनं मले सांगितलं, तू पट्टा पाह्य, डबा मी पाहते. तवापासून जास्त पडते.

आता ऐक. पूनमनं मले विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं तीन वर्षं. ती म्हणे, त्याच्या आधी काही? वस्तू ठेवून विसरणं, घरच्या माणसावर चोरीचा आळ घेणं? म्हणे या आजाराचं पहिलं पाऊल तेच असते. जे सगळ्यात जवळचं त्याच्यावरच आळ.

मी चाळणी खाली ठेवली अन् बोटावर वर्षं मोजली.

मंजू, सात वर्षं झाली. तू दिवाळीले आली होती, जावई सोबत होते. आईची गळ्यातली सोन्याची एकदाणी सापडेना. आईनं तुले चोरटी म्हटलं. ती आई नव्हती बोलत. तेव्हाच सुरू झालं होतं, आपल्याले कळलं नाही.

एकदाणी सापडली आहे. पापडाच्या डब्यात होती, चिंधीत बांधलेली. आईनंच ठेवली होती. हल्लीच सापडली. तर आता तो विषय मिटला. तू ये.

आईच्या कमरेचं हाड बाहेर आलं आहे. खाते पण अंगी लागत नाही.

जयमाला


दुसरबीड
ता. १९ जानेवारी २०२५

मंजू,

तुह्यं पत्र आलं. एवढं मोठं पाकीट अन् आत एक ओळ. "एकदाणी सापडल्याचं तुला कधी कळलं?" खाली नावही नाही. ताई नाही, काही नाही.

मास्तरीण झाली तू. बरोबर तिथंच बोट ठेवलं.

चार वर्षं झाली. घे. चार वर्षांआधीच्या उन्हाळ्यात पापडाचा डबा धुवाले काढला तेव्हा सापडली. मी चिंधी सोडली, पाह्यली, परत बांधली अन् डब्यातच ठेवून देल्ली. तुले फोन करायचा म्हणून मोबाईल हातात घेतला होता. तेव्हा तू उचलला असता. मी लावलाच नाही.

काऊन? तुह्यी बॅग. आई नुसती बोलली होती. बॅग मी उलटी केली. जावयासमोर. तुह्या साड्या, तुह्ये आतले कपडे, सगळे ओट्यावर, अन् मी एक एक झटकून पाह्यला. तू रडली नाही. खाली बसून घड्या घातल्या. आई तर विसरून गेली. तिच्यावर आजार आहे म्हणून सांगता येते. माह्यावर कोणता आजार सांगू? एकदाणी सापडली असं सांगितलं असतं तर मंग बॅगचं सांगावं लागलं असतं.

आता निघालंच तर सगळं घे.

गोकुळचा फोन कटत नव्हता. साफ ऐकू येत होतं. तो म्हणे, "ताई, फाट्यावर फोटो पाह्यला, खरं आहे का?" मी म्हटलं, "मंजूले कळवा." एवढंच म्हटलं अन् ठेवला. हो म्हटलं नाही अन् नाहीही म्हटलं नाही. बाकीच्या गावाले मी ओरडून ओरडून सांगत होती आई जित्ती आहे, अन् तुले तेवढं सांगितलं नाही. मले पाहायचं होतं. मेली म्हटल्यावर तरी येते का.

तीन दिवस मी फ्लेक्स काढू देल्ला नाही. पूनमच्या गटाच्या बाया म्हणे, मावशी, चूक झाली, उतरवतो. मी म्हटलं राहू द्या, लोकं पाहतात तर डबा भरते. रोज दुपारी जालन्याकडून येणारी गाडी थांबली की मी पट्टा उतरवून रस्त्यावर जाऊन पाहायची. तिसऱ्या दिवशी मीच शिडी लावून फ्लेक्स उतरवला.

तू आली नाही हे तुह्यं पाप अन् बोलावलं तसं हे माह्यं. फिट्टंफाट म्हणत नाही. सांगून राह्यली.

आता एक उरलं. हे लिहू का नको, दोन दिवस विचार केला.

आई मले मंजू म्हणते. वर्ष होत आलं. पहिले मी सांगायची, आई, मी जयमाला. दहा वेळा सांगायची, चिडून सांगायची, माहा आवाज तुले माहीत आहे. तर तिचा चेहरा बारीक व्हायचा. एकदा माह्या कानाशी आली, म्हणे, "मंजे, हळू बोल. ती जयमाला ऐकेल. लय ओरडते."

मंग मी जयमाला सांगणं बंद केलं. मंजू म्हटलं की हो म्हणते. मंजू झाली की ती माह्या हातानं खाते. जयमाला झाली की तोंड मिटते.

आषाढात, एक दिवस दुपारी लाईन गेली. गिरणी बंद. मी ओट्यावर टेकली होती, ती आली अन् माह्यं मनगट धरलं. डोळे एकदम साफ, पहिल्यासारखे. म्हणे, "मंजे, माह्यं चुकलं. म्या तुले चोरटी म्हटलं. चारचौघांत म्हटलं. तू नव्हती घेतली. मले माफ केलं का?"

तुले सांगते मंजू, मी उठून फोन करायचा होता. नव्हता लागला तर मामाले सांगून तुह्यापर्यंत पोचवायचं होतं. आई थांब म्हणायचं होतं. मले तेवढा दम निघाला नाही. ती मनगट सोडेना. मी म्हटलं, "केलं आई. कवाचंच केलं. जाऊ दे."

त्या दिवशी ती पूर्ण भाकर जेवली. त्याच्यानंतर चोरीचं नाव नाही, एकदाणीचं नाही. तिच्याकडून ते मिटलं.

तेव्हा चोरी झालीच नव्हती. ही झाली अन् ती मी केली. ते तुह्यं होतं. माफी तिनं तुले मागितली होती, द्यायची का नाही ते तूच ठरवायचं होतं. आता तू आली तरी तिच्याकडे तुले सांगाले काही उरलं नाही. मी घेऊन बसली, अन् परत कसं करतात ते मले येत नाही.

यायचं नसलं तर नको येऊ. मी आता बोलावत नाही.

जयमाला


दुसरबीड
ता. २३ फेब्रुवारी २०२५

मंजू,

तुह्यं काही आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. हे पत्र आईसाठी नाही.

आई आता कोणाले हाक मारत नाही. संक्रांतीनंतर हळूहळू बंद झालं. मंजू नाही, मामा नाही. गिरणी चालू झाली की डोकं हलवते, बंद झाली की माह्याकडे पाहते. तेवढं आहे. पूनम म्हणते दुखत नाही त्यांना. दुखत नसेल तर बरं.

नवीन फ्लेक्स लागला. या वेळी माह्या हातचा. मी स्वतः फ्लेक्सवाल्याच्या समोर खुर्ची टाकून बसली. म्हटलं, हार नाही, दिवा नाही, फूल नाही. अन् आईचा फोटोही नाही. तो म्हणे, मंग मावशी, लावू काय? मी म्हटलं डब्याचा फोटो लाव. तो हसला, पण लावला. मोठ्या अक्षरात, दळणामागं एक ओंजळ. आता मेहकर रोडच्या चार गिरण्यांवर डबे ठेवले. त्या डब्यांच्या जोरावर गटानं नवीन एक काम सुरू केलं, ते तुले सांगायचं आहे.

महिन्यातून दोन दिवस ते एक बाई पाठवतात. सत्तर वर्षांची माणसं असोत का नव्वदची, ती सांभाळते, तिथंच राहते. अन् घरच्या माणसानं निघून जायचं. कुठंही जा, पण घरी थांबायचं नाही. पूनम म्हणे, "मावशी, तुम्ही तीन वर्षांत एक दिवस तरी बाहेर गेल्या का?" मी म्हटलं, मेहकरले पट्टा आणाले गेली होती. ती म्हणे तो दिवस नाही धरत.

तिनं फॉर्म काढला. रकाना होता, कुठं जाणार. माहेर का, नातेवाईक का, देवदर्शन का. मी म्हटलं माहेरातच तर राहते. तिनं पेन धरून ठेवला. शेवटी तिनं मेहकर लिहिलं.

बाई आली, मंजुळ आवाजाची, तुह्याच वयाची असेल. आई तिच्या हातानं मुकाट जेवली. मले तेही कसंतरी वाटलं. मी चांगलं लुगडं नेसली अन् मेहकरले उतरली. बालाजीच्या देवळात गेली. पाच मिनिटं लागली. बाहेर येऊन चप्पल घातली अन् आता काय म्हणून उभी राह्यली. तिथून स्टँडवर आली. चहा घेतला. एक बाई शेजारी बसली, म्हणे कुठं निघाल्या? मी म्हटलं गाडीची वाट पाहते. तिची गाडी आली, ती गेली. दुसरी आली. तिलेही तेच सांगितलं. अशा सहा-सात जणी झाल्या. साडेतीन वाजता मी दुसरबीडच्या गाडीत बसली अन् घरी. दोन दिवसांतला अर्धा दिवसच गेला होता.

बाई म्हणे, मावशी, एवढ्या लवकर? मी म्हटलं काम झालं. ती मले घरात घेईना, म्हणे नियम आहे. मंग अमीरबीकडे झोपली दुसऱ्या दिवसापर्यंत. अमीरबीनं काही विचारलं नाही. नुसती म्हणे, "बैठ. तेरी अम्मा की आवाज इधर से भी आती, घबरा मत." आईचा आवाज येतच नव्हता, ती मले चांगलं वाटावं म्हणून म्हणत होती.

आता पुढची पाळी मार्चच्या आठ अन् नऊ तारखेची आहे. शनिवार-रविवार. पूनमनं फॉर्म आणला. त्या रकान्यात मी या वेळी स्वतः लिहिलं, नाशिक.

तू हो म्हटलं नाही, माहीत आहे. मी विचारलंही नव्हतं. आता विचारून राह्यली. शनिवारी पहाटे जालन्याच्या गाडीत बसेन, तिथून नाशिकची पकडेन, संध्याकाळपर्यंत पोचेन. एकदाणी सोबत आणते. ती तुह्यी, आईची नाही आता, तिले गळ्यात ओझं वाटते. माह्यी पिशवी दारातच उलटी करून पाह्यजे तर पाह्य, जावयासमोर. मी घड्या घालेन.

घरात घ्यायचं नसलं तर एकदाणी घे अन् दार लाव, मी परत फिरेन. घेतलं तर मी दोन दिवस राहीन. काम सांग, भांडी घासेन, पोरांचे डबे करेन, गप बसेन. गप बसणं मले येते आता, आईनं शिकवलं.

पण एक कर. मंजू, वर्ष झालं, मले कोणी माह्या नावानं बोलत नाही. गिरणीवर बाया गिरणीवाली म्हणतात, पूनम मावशी म्हणते, आई तुह्यं नाव म्हणत होती, तेही गेलं. तू लहान असताना मले जयाताई म्हणायची. मी शाळा सोडून तुले कडेवर घेऊन वावरभर हिंडायची तेव्हापासून म्हणायची.

शिव्या द्यायच्या असतील तर दे. दोन दिवस दे. पण माह्या नावानं दे.

जयाताई